तोच की वेगळा

मंगळवारी सकाळी, अकराच्या चहाच्या जरा आधी, सानियेने आपल्या नवऱ्याला चालताना पाहिलं. पडद्यावर कॅमेऱ्याचा तेवीस सेकंदांचा तुकडा होता. लांबलचक बोळ, अर्ध्यापर्यंत हिरव्या रंगवलेल्या भिंती, नुकतीच पुसलेली जमीन आणि एकामागोमाग एक चौदा माणसं. सगळ्यांचे कपडे सारखे, डोक्यावरून गळ्यापर्यंत काळ्या पिशव्या, हात पाठीमागे बांधलेले. असले तुकडे ती सात महिने रोज बघत होती, त्यामुळे त्यांत माणसं आहेत हे तिच्या लक्षातही राहत नसे. रोज दुसऱ्यांची धुणी धुणारी बाई कुठे प्रत्येक सदऱ्याचा मालक आठवत बसते. पण नवव्या माणसाचा उजवा खांदा वर होता. फार नाही, बोटभर. खांद्यावरचा पट्टा घसरू नये म्हणून माणूस खांदा उचलून धरतो, तसा. आणि खांद्यावर पट्टा नव्हता, पिशवी नव्हती, काहीच नव्हतं. सानियेचा हात टेबलावरून घसरून मांडीवर आला आणि तिथेच पडून राहिला. शेजारच्या टेबलावरची बाई चहाला चल म्हणाली तेव्हा तिने नुसती मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याचा तिला भरवसा नव्हता.

याल्कुनने त्या खांद्यावर वीस वर्षं एक कातडी पिशवी वागवली होती. शाळेची पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका काढायचं त्याचं काम, आणि ते काम ऑफिसात संपलं असं कधीच झालं नाही. पिशवीत कच्चे कागद, पिशवी खांद्यावर, खांदा वर. पिशवी खुंटीला टांगली तरी खांदा खाली यायचा नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसाच, नवरी सोडून कुठेतरी तपासणीला निघाल्यासारखा. ‘जेवताना तरी उतरव की रे ती पिशवी,’ असं ती म्हणायची, आणि तो रिकाम्या खांद्याकडे बघून ओशाळं हसायचा. चौदा महिन्यांपूर्वी त्याला शिकायला नेलं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात ज्याचे केस पिकले त्याला आता काय शिकवणार, असं सासू पहिल्या आठवड्यात म्हणाली होती. मग तीही म्हणेनाशी झाली. शिकायला गेलाय, एवढंच म्हणायचं. सगळे तेच म्हणत. नानवाल्याचा थोरला शिकायला गेला, दातांचे डॉक्टर शिकायला गेले, मशिदीत बांग देणारे सत्तरीतले चाचा काठी टेकत शिकायला गेले. अख्खं उरुम्ची शहर शहाणं होऊन चाललं होतं. तो कुठे आहे, आहे का नाही, हे विचारायला गेलेल्या माणसालाही शिकायची गरज आहे असं ठरत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. आणि आता पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, आठ दिवसांपूर्वीची. म्हणजे आठ दिवसांपूर्वी तो चालत होता. सानियेला ते एकच वाक्य त्या दिवशी पुरलं, तिने ते घरी जाईपर्यंत मनातल्या मनात किती वेळा म्हटलं त्याला गणती नाही.

खरं तर तिला ही नोकरी मिळायला नको होती. घरातलं कुणी शिकायला गेलं असेल तर या कंपनीच्या अकराव्या मजल्यावर पाऊल ठेवता येत नसे. पण कागदावर सानियेला नवरा नव्हता. मोहल्ल्याच्या ऑफिसातल्या बाईंनी तिला समजावून सांगितलं होतं, अगदी पाठीवर हात ठेवून, की तुझं वय आहे, सासू म्हातारी आहे, नाहीतर घर सुटेल, घटस्फोटावर सही करून टाक, कागदच तर आहे. तिने सही केली. सासूला कळलं. त्या रात्री तिने सुनेच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला आणि तो घशाखाली उतरवताना सानियेला जितका त्रास झाला तितका सही करताना झाला नव्हता. नाचाची शाळा त्याआधीच बंद पडली होती. सोळा वर्षं ती मुलींना पाऊल कसं टाकायचं ते शिकवत होती, त्यामुळे माणूस दिसण्याआधी तिला त्याची चाल दिसायची. मुलाखतीला फान नावाच्या दक्षिणेकडून आलेल्या इंजिनियरने पाच माणसांना तिच्यासमोरून चालवलं, मग त्यांना लांब कोट घालून, पाठमोरं, उलट्या क्रमाने चालवलं. तिने पाचही बिनचूक सांगितली. फानने सूर्यफुलाच्या बियांचं सालपट थुंकून टाकलं आणि म्हणाला, चेहरा काय, कुणीही झाकेल. आम्हाला तुमच्यासारखा डोळा यंत्रात घालायचाय. फान वाईट माणूस नव्हता. कुणाला ताप आला तर घरी पाठवायचा, सणाला सगळ्यांना संत्री वाटायचा. वाईट माणसाची सवय करून घेता येते, सानियेला फानची सवय होत नव्हती.

काम सोपं होतं. पडद्यावर डावीकडे जुना तुकडा, उजवीकडे नवा, आणि खाली तीन बटणं: तोच, वेगळा, सांगता येत नाही. माणसांना नावं नाहीत, आकडे. याल्कुन चारशे सतरा होता. यंत्राला ज्याची खात्री नसेल तेच ते माणसांना विचारायचं. खात्री पटली की तो आकडा करडा व्हायचा आणि त्याचे तुकडे येणं थांबायचं. पहिल्या दिवशी तिने ‘तोच’ दाबलं ते विचार न करता, रस्त्यात नवऱ्याला हाक मारावी तसं. दुसऱ्या दिवशी त्याचे चार तुकडे आले. बोळ, जिना, अंगणात गोल गोल चालवणं, पुन्हा बोळ. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण हे करतोय काय. प्रत्येक खऱ्या उत्तरागणिक यंत्र त्याला जास्त ओळखत होतं. उद्या तो सुटला, दाढी वाढवून, चेहरा झाकून, परमुलखात जाऊन एखाद्या बाजारातून चालला, तरी त्याचा खांदा त्याला पकडून देणार होता, आणि तो खांदा यंत्राला शिकवणार होती त्याची बायको. पण खोटं सांगितलं, वेगळा म्हणून टाकलं, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी आकड्यात जाणार, दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर. आणि मग तो जिवंत आहे हे जगात तिला कळायचा एकुलता एक मार्ग बंद. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मग तिने मधला रस्ता काढला, लबाडाचा असतो तसा. तीनदा खरं, एकदा खोटं. यंत्र पुरतं शहाणं होऊ नये आणि पुरतं खुळंही होऊ नये, इतपत. असं करून तिने त्याला पाच आठवडे आपल्यापाशी ठेवलं.

त्या पाच आठवड्यांत ती सुखी होती असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला राग येईल, पण होती. कपाटातून हिरव्या खड्यांची कर्णफुलं काढून ती ऑफिसला घालून जायला लागली. तुकड्यांना आवाज नसे. आवाज तिने आपला आपण घातला, कापडी बुटांचा फटक फटक, मध्येच त्याचा कोरडा खोकला. बिननाडीचे बूट त्याला आवडत नसत. तो वाळत चालला होता, सदऱ्यातून पाठीची हाडं कळत होती, आणि तिला त्याच्यावर चिडायला व्हायचं, अरे खात का नाहीस म्हणून, आणि मग आपण कुणावर चिडतोय ते कळून ती पडद्याच्या काचेवरची धूळ बाहीने पुसायची. एका तुकड्यात तो जिन्यावर अडखळला तेव्हा तिचा पाय टेबलाखाली पुढे सरला. घरी गेल्यावर मात्र हे सगळं दाराबाहेर ठेवावं लागे. याल्कुन मनगटावरचं घड्याळ शहराच्या सरकारी वेळेपेक्षा दोन तास मागे, आपल्या सूर्याच्या वेळेवर लावायचा. ते घड्याळ तो गेल्यावर सासूने तांदळाच्या डब्यात पुरलं होतं. तसंच काहीसं सानियेने केलं. सासूला सांगावं असं रोज वाटायचं. पण सासू, होर्निसा आई, आनंद लपवू शकणारी बाई नव्हती. दुःख ती गिळायची, त्याची तिला सवय होती. आनंद झाला असता तर तिने तो खालच्या पटांगणापर्यंत नेला असता.

आणि महिन्यातून एक आठवडा घरात झेंगताई असायच्या. सरकारने जोडून दिलेल्या नातेवाईक. त्या येताना तेल, तांदूळ आणायच्या, सासूला मावशी म्हणायच्या, पाय चेपून द्यायच्या, आणि रात्री कुणी काय खाल्लं, कुणी काय म्हटलं ते एका वहीत लिहायच्या. त्या आठवड्यातल्या गुरुवारी सानिये कामावरून आली तर जिन्यातच तापल्या तेलाचा वास. गुरुवारी घरात तेल तापवून पातळ पोळ्या तळतात ते गेलेल्यांसाठी. वास वर जातो आणि त्यांचं पोट भरतं. स्वयंपाकघरात सासू कढईपाशी उभी होती आणि झेंगताई दाराच्या चौकटीला टेकून, हातात चहाचा पेला घेऊन, कौतुकाने बघत होत्या.

“तुझ्या सासऱ्यांसाठी,” सासू मागे न बघता म्हणाली. “आठवण आली.”

सानियेने परातीकडे पाहिलं. गोळे दोन होते. एक लाटून झाला, तळून झाला, आणि सासूने दुसरा हातात घेतला तेव्हा सानियेने पुढे होऊन गॅस बंद केला. तिची आजी सांगायची की जिवंत माणसाच्या नावाने तेल तापवलं तर त्याचा धागा तुटतो. सानिये असलं काही मानत नव्हती. पण न मानणं सोपं असतं ते आपलं माणूस जवळ असताना. सासूने तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत इतकी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“स्वप्नात आला होता,” सासू हळूच म्हणाली, ओठ न हलवल्यासारखं. “पाण्यात उभा होता. काही मागत नव्हता. पोरी, उपाशी राहायला नको गं तो.”

तो जिवंत आहे, परवा जिना उतरत होता, उजव्या बाजूने सातवा. एवढंच म्हणायचं होतं. शब्द दातांपर्यंत आले आणि झेंगताई पेला ठेवून म्हणाल्या, “काय वास सुटलाय, मावशी. मला पण शिकवा ना.” सासूने मनगट सोडलं आणि गॅस पेटवला. पोळी फुगली. झेंगताईंनी फोटो काढला, आपल्या ऑफिसला पाठवला, आणि सासऱ्यांच्या वाट्याची अर्धी पोळी खाऊन बोटं चाटली. दुसरी पोळी सासूने चार घड्या करून सानियेच्या हातात दिली. तिने ती खाल्ली. नवऱ्याच्या नावाची तळलेली पोळी, तो हयात असताना, त्याच्या आईसमोर, गरम गरम. नंतर दोघींनी दुआ करून तोंडावरून हात फिरवायचा तो फिरवला नाही, झेंगताई बघत होत्या. सासूने नुसता घाम पुसल्यासारखं केलं. त्या रात्री सानियेला वासाने झोप आली नाही. उशीला, केसांना, भिंतींना तो वास होता, आणि तो वास खिडकीतून कुठवर गेला असेल हे ती मोजत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून चारशे सतराचे तुकडे यायचे थांबले. एक दिवस, दोन, पाच, नऊ. आकडा करडा झाला नव्हता, म्हणजे यंत्राला त्याची ओळख पटून काम संपलं असं नव्हतं; फक्त तो कुठे दिसत नव्हता. सानियेला सासूचा राग आला, इतका की जेवणात मीठ जास्त झालं तेव्हा ती ताट सरकवून उठली. दिवसभर ती परक्यांच्या चाली जुळवायची. फताडे पाय, फेंगडे पाय, शेतकऱ्याचे, शिंप्याचे, एक तर नक्की कुठल्या तरी नाचणाऱ्याचे. कर्णफुलं तिने काढून ठेवली.

दहाव्या दिवशी दुपारी उजवीकडे एक नवा तुकडा आला. डावीकडे चारशे सतरा, वर यंत्राचं मत: वेगळा असण्याची शक्यता शेकडा अठ्ठ्याऐंशी. उजवीकडचा माणूस लंगडत होता. डावा पाय कंबरेपासून ओढत होता. हे पाय मुरगळल्याचं लंगडणं नव्हे, हे तिला नाचाच्या बाईंच्या डोळ्याने लगेच कळलं, कंबरेचं हाड दुखावलं होतं आणि कुणी बघितलं नव्हतं. उजवा खांदा खाली पडलेला. सानियेचंही बोट ‘वेगळा’वर गेलं. बरं झालं, तो नाही, असंसुद्धा तिच्या मनात आलं. मग रांग बोळाच्या टोकाला दाराशी पोचली आणि लंगडा माणूस दारात थांबला. अर्धं पाऊल. इतकं थोडं, की मागच्या पहारेकऱ्याला ढकलायलाही वेळ मिळाला नाही. थांबला आणि अंग किंचित बाजूला घेतलं, मागच्याला वाट द्यायला.

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं ते असंच. पुस्तकांच्या गोदामाचं अरुंद दार, ती आत जाणारी, तो बाहेर येणारा, आणि दोघंही थांबलेली. ‘आधी तुम्ही.’ ‘नाही, आधी तुम्ही.’ तिच्या मागे पुस्तकं घेऊन उभा असलेला हमाल शेवटी म्हणाला होता, “लग्नच लावून टाका म्हणजे एकदम जाल.” यात याल्कुनचं वेगळं असं काही नव्हतं. तिचे वडील असेच थांबत. लग्नाकार्याला दारात दहा माणसं एकमेकांना पुढे घालत तिष्ठायची आणि आत पुलाव गार व्हायचा. ज्याने आईच्या हातचं खाल्लंय तो दारात थांबणारच. पण डोक्यावर पिशवी, हात बांधलेले, कंबर मोडलेली, आणि तरी मागे कुणी मोठा असेल म्हणून अंग चोरणारा, तो तिचा होता. तिने एकदा कागदावर लिहून दिलं होतं की हा माझा कुणी नाही. दुसऱ्यांदा तिला ते जमलं नाही. तिने ‘तोच’ दाबलं.

यंत्राच्या मताविरुद्ध गेलं की कारण दाखवावं लागे. तिने तुकडा मागे नेला आणि दारातल्या त्या अर्ध्या पावलाभोवती चौकट ओढली. ओढून झाल्यावर तिला कळलं की आपण काय हातचं देऊन बसलो. पाचच मिनिटांत फान बिया चघळत आला. त्याने खुर्ची ओढली, चारशे सतराचे सगळे जुने तुकडे काढले, जिथे जिथे दार होतं तिथे थांबवून पाहिलं, आणि चघळायचा थांबला. प्रत्येक दारात तो थांबत होता. सेकंदाचा तिसरा हिस्सा.

“दमतो म्हणून?” त्याने विचारलं.

“मागच्याला आधी जाऊ देतो.”

“कशासाठी?”

“सवय.”

फान स्वतःवरच हसला. आपण वर्षभर पाय आणि खांदे बघत बसलो, दार कुणी बघितलंच नाही, असं म्हणाला. मग त्याने वही काढली आणि अगदी सरळपणे, काही मनात न ठेवता विचारलं, “बाई, हे तुमच्यात सगळेच करतात का?”

सानियेने विचारलं, करत असले तर काय.

“मग मोठंच काम आहे. शहरातल्या सगळ्या दारांवरचे तुकडे मागवीन. चेहरा नको, ओळखपत्र नको, तुमच्यातला माणूस दारातच कळेल. चारशे सतरा एवढ्यावरून पक्का होणार नाही मग, तो चालू ठेवू. वर्षभरसुद्धा. तुमच्याकडेच देईन.” तो जरा थांबला. “आणि हा एकटाच करत असेल तर प्रश्न मिटला. हीच त्याची खूण. पाय मोडू दे नाहीतर काही होऊ दे.”

एक वर्ष. बावन्न मंगळवार. तो खातोय का, कंबर बरी झाली का, बर्फ पडल्यावर पायात काय घालतात, सगळं दिसलं असतं. सानियेने डोळे मिटले नाहीत, मिटले असते तर तिने हो म्हटलं असतं. तिला उरुम्चीतली दारं दिसली, नानवाल्याचं, दवाखान्याचं, बसचं, आणि त्या प्रत्येक दारात अर्धं पाऊल थांबलेलं कुणीतरी.

“नाही,” ती म्हणाली. “आमच्यात असं कुणी करत नाही. तो एकटाच.”

“नक्की?”

“मी सोळा वर्षं माणसांचे पाय बघतेय, साहेब. असा तो एकटाच आहे.”

फानने तसं लिहून घेतलं. तिचा शब्द तो मानत असे. त्याने दोन बटणं दाबली, चारशे सतरा करडा झाला, आणि डावीकडे आठशे पाच आला, एक बुटका माणूस, भराभर चालणारा. सानियेने त्याचे अकरा तुकडे जुळवले. एकही चुकला नाही.

संध्याकाळी ती वस्तीच्या फाटकाशी आली. लोखंडी दार, एका वेळी एकच माणूस जाईल इतकं, आणि वर कॅमेरा. तिच्या बरोबरच एक म्हातारा येऊन पोचला, काखेत फडक्यात बांधलेली नानं, धाप लागलेली. थांबायचं तिने होतं. बाजूला होऊन ‘आधी तुम्ही, बाबा’ म्हणायचं होतं, आणि तिचं अंग आपोआप बाजूला व्हायलाही लागलं होतं. तिने वर पाहिलं. मग खांद्याने वाट काढत ती म्हाताऱ्याच्या आधी दारात शिरली, त्याची नानं भिंतीवर घासली जातील इतक्या जोरात.

“का गं,” म्हातारा मागून म्हणाला, “घरी कुणी थोरलं माणूस नाही वाटतं तुला?”

तिने मागे पाहिलं नाही. ओळखपत्र काचेवर ठेवलं, चेहरा वर केला. हिरवा दिवा लागला आणि ती आत गेली.